दादाची कानपिळी

रिंकूच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, म्हणजे १३ डिसेंबर २०१४ ला, उदयसिंह बेडरूमचं दार लोटून ड्रोन आणि लॅपटॉप घेऊन बसला होता. ड्रोन रिंकूच्या थोरल्या भावाचा, पृथ्वीराजचा. पृथ्वीराज मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. ऐन लग्नात जहाज समुद्रात असणार हे ठरलं, तेव्हा त्याने फोनवर सांगितलं होतं, "रडू नकोस. कानपिळीला मी ड्रोनने येतो."

तो हसत बोलला होता, पण रिंकूने ते धरून ठेवलं. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. चुलतभाऊ होते, पण ती म्हणाली, "दादा नाही तर कानपिळी नाही. आणि कानपिळी नाही तर मी बोहल्यावर चढायची नाही."

तिची आई ठकूबाई चिडली. वडील शहाजीराव चिडले नाहीत. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, एरवी चपलांची जोडी वाकडी दिसली तरी ओरडणारा माणूस. पण लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांनी ठकूबाईच्या भाच्याला, उदयला, गच्चीवर बोलावून घेतलं. बराच वेळ दोघं वर होते. खाली आल्यावर उदय एवढंच म्हणाला, "होईल. दादाचा ड्रोन द्या."

ड्रोनच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि तो सुरू झाला की स्वतःचं वायफाय सोडतो. उदयने लॅपटॉप त्याला जोडला, एक ओळ टाइप केली, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उतरू लागली.

हळदीने माखलेली रिंकू आत आली. "काय दिसतंय?"

"लिनक्स. आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर असतं तेच, छोटं करून बसवलंय. पासवर्डसुद्धा विचारत नाही."

"म्हणजे दार सताड उघडं?"

"आत्याच्या किचनसारखं."

"आणि हे काय? एक जानेवारी १९७०?"

"त्याचं घड्याळ. बंद केलं की वेळ विसरतो, सुरू केलं की पुन्हा सत्तरपासून."

"अच्छा, म्हणजे पप्पांसारखा," रिंकू म्हणाली. "तेपण सत्तर सालातच अडकलेत."

उदय हसला नाही. तो एकेक फोल्डर उघडून आत जात होता. कोणी राहून गेलेल्या घरातून फिरावं तसा, जपून. एका ठिकाणी मागच्या सुट्टीतला व्हिडिओ सापडला. आवाज नव्हता. आधी सोसायटीची गच्ची, मग समोरचे रिकामे टॉवर, मग पृथ्वीराजचा चेहरा अगदी कॅमेऱ्याजवळ, काहीतरी बोलत असलेला.

"दाखव ना यार!"

उदयने फाईल बंद केली. "लग्न झाल्यावर. आता टाइम नाही."

मग त्याने तिला समजावलं. जहाजावरचं नेट अगदी बारीक. व्हिडिओ चालणार नाही, फोनही नाही. पण एखादं अक्षर येऊ शकतं. "मी आत एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवतोय. अक्षर आलं की ड्रोन हलणार."

"बिल्कुल दादाच हलवणार?"

"बिल्कुल."

"मग त्याला आत्ता विचार, लहानपणी माझी गुल्लक कोणी फोडली होती?"

उदयची बोटं थांबली. त्याने दाराकडे पाहिलं. दारात शहाजीराव उभे होते.

"गप्पा नंतर," ते म्हणाले. "हळद वाळतेय. जा, आंघोळीला जा."

जाता जाता रिंकूने हळदीचं बोट ड्रोनच्या नाकाला लावलं. तेच बोट घेऊन ती वडिलांकडे वळली, तसे शहाजीराव मागे सरले. "नको. मला नको."

"पप्पा, एवढंसं!"

"म्हटलं ना, नको."

पाठ धरलीय, असं शहाजीरावांनी सगळ्यांना सांगितलं होतं. म्हणून देवकाला ते बसले नाहीत. कन्यादानालाही त्यांनी ठकूबाईच्या भावाला, उदयच्या वडिलांना, ज्ञानोबाला सपत्नीक बसवलं. "सख्खा धाकटा भाऊ समोर असताना मेहुणा?" भावकीत कुजबुज झाली. शहाजीरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. देव्हाऱ्याच्या खोलीकडे ते दिवसभर फिरकले नाहीत.

गोरज मुहूर्तावर सोसायटीच्या लॉनवर अक्षता पडल्या. धुकं उतरायला लागलं होतं. सप्तपदी झाली आणि भटजी म्हणाले, "नवरीच्या भावाला बोलवा."

रिंकूने मान वर केली.

मांडवामागून घरघर आली. धुक्यातून ड्रोन तरंगत आला, नाकावर हळदीचं बोट घेऊन. नवरदेवाच्या, नरसिंहच्या, उजव्या कानाशी येऊन थांबला. क्षणभर तसाच लटकला. मग डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. पुन्हा तसंच.

"अरे, हा पिळतोय की काय!" नरसिंह कान धरून ओरडला. अख्खं लॉन हसलं.

"दादा, अजून जोरात!" रिंकू हसता हसता रडत होती.

ड्रोन हळूच खाली टेकला. "आता या मेहुण्याला आहेर कुठे चढवू?" म्हणत नरसिंहने आपलं उपरणं त्याच्यावर पांघरलं. ठकूबाईने ड्रोनवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसलेला उदय लॅपटॉपवरून मान वर काढत नव्हता.

रात्रीची जेवणं लवकर उरकली. रिंकू गाडीत बसताना उदयला म्हणाली, "दादाला सांग, मला सगळं पोचलं." गाडी तिच्या सासरच्या, गाझियाबादच्या रस्त्याला लागली. मागचे लाल दिवे धुक्यात विरेपर्यंत शहाजीराव गेटवर उभे राहिले.

परत येऊन ते उदयला म्हणाले, "बंद कर आता."

उदयने ड्रोनची बॅटरी काढली.

ठकूबाई आहेराच्या पिशव्या लावत होती. "पृथ्वीला फोटो पाठवा हं सगळे," ती म्हणाली. शहाजीरावांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, तिला खुर्चीवर बसवलं आणि ते तिच्यासमोर ओल्या गवतात खाली बसले.

पृथ्वीराज शहाजी जगदाळे दहा डिसेंबरला, बुधवारी, जहाजाच्या इंजिनरूममध्ये वारला होता.