दुसरा कप

चार वाजले तसे पडद्यावर अच्युतरावांनी दोन कप मांडले. त्यांचा देह जाऊन तीन वर्षं झाली होती; मन मात्र एका यंत्राच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या यंत्रात राहत होतं.

"परवा मधेच थांबले आणि मलाच विचारलं, हा दुसरा कप कुणाचा?" त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या.

दुरुस्तीला आलेल्या केतकीला ही चूक पाठ झाली होती. बाहेरचं यंत्र अच्युतरावांना क्षणभर थांबवून दुसरं काम उरकून घेई. नेमके तेव्हाच ते काही आठवत असले, तर आठवण निसटे. असं महिन्यातून एखाद्या वेळीच होई. ते पकडायला केतकीनं त्यांची प्रत्येक हालचाल टिपणारा प्रोग्राम बसवला, तर सहा आठवडे चूक झालीच नाही. तो काढला आणि चौथ्याच दिवशी झाली.

"काकू, खरं सांगते, ती चूक माझ्या हाती लागली नाही," केतकी ओशाळून म्हणाली. "टिपताना त्यांचा वेग किंचित बदलतो, तेवढ्यानं ती टळते. कुणी लक्ष ठेवून असलं की ते चुकत नाहीत."

"अगं, यात शोधायचं काय होतं? चाळीस वर्षं चहाच्या वेळी मी समोर बसायचे ते कशासाठी? जरा उठले, की साखर दोनदा पडलीच म्हणून समज!"

केतकीनं प्रोग्राम पुन्हा बसवला, या वेळी कायमचा. नावाच्या जागी 'चाचणी सतरा' होतं. ते खोडून तिनं 'कुमुद' लिहिलं.

पडद्यावर अच्युतरावांनी साखर एकदाच घातली आणि दुसरा कप समोर सरकवला.