एक चमचा मध

“पाकीट फोडू नका हं,” बायकोनं दटावलं. “डॉक्टरच बघतील.”

दवाखान्यातल्या बाकावर बसून त्यानं रिपोर्टचं पाकीट गुडघ्यावर ठेवलं. पंधरा दिवसांपूर्वी पोटात दुर्बीण घातली, तेव्हा अस्तरावर मांसाचे बारीक कोंब दिसले होते. त्यातला एक तपासायला पाठवला होता. त्याचे वडील पोटाच्याच कर्करोगानं गेले. त्यामुळे हे पंधरा दिवस दोघांच्याही घशाखाली घास उतरला नव्हता.

तो चहाच्या कंपनीत चव बघायचा. एका घोटात पानं कुठल्या महिन्यात खुडली ते सांगायचा. गोळीला मात्र उभ्या जन्मात हात लावला नाही म्हणायचा. औषधानं जीभ मरते, हे त्याचं ब्रह्मवाक्य. सात वर्षांपूर्वी पित्तानं असा हैराण झाला की नोकरी जायची वेळ आली. तेव्हा बायकोनं रोज सकाळी उपाशीपोटी चमचाभर मध सुरू केला. जळजळ आठवड्यात गेली. तेव्हापासून तो भेटेल त्याला मधाचे गोडवे गायचा. ओळखीचे लोक रस्ता बदलायचे.

“जरा रवाळ लागतो,” तो सांगायचा, “पण अस्सल मध रवाळच असतो.”

चमचा मात्र बायकोच भरायची. तुम्ही सांडता, म्हणायची.

आत बोलावलं. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. पाकीट फोडून ती सावकाश वाचत राहिली.  बायकोनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“घाबरू नका, काका. साधे पॉलिप आहेत. निरुपद्रवी. कर्करोग नाही.”

त्यानं डोळे मिटले. बायकोला रडूच फुटलं.

डॉक्टरनं कागद खाली ठेवला नाही. “फक्त एक विचारायचंय. असे कोंब बहुतेक वेळा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना येतात. फॉर्मवर तर लिहिलंय, एकही औषध नाही.”

बायकोचं रडू थांबलं. फॉर्म तिनंच भरला होता.

“नीट आठवून सांगा, काका.”

“छे, हे कुठले घेतायत,” बायको घाईनं म्हणाली. “डोकं दुखलं तरी गोळी घेत नाहीत.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

“रोज एक,” तो डॉक्टरला म्हणाला. “सात वर्षं झाली. ही मधातून देते, आणि हिला वाटतं मला कळत नाही.”