पातळ तेल

“याला तेल म्हणतात?” बाबांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहिली. “पाणी आहे हे.”

गाडीचं बॉनेट उघडं होतं. जुनं तेल खालच्या घमेल्यात निथळून गेलं होतं आणि मिस्त्री नवा कॅन हातात धरून थांबला होता. कुणाचं ऐकावं हे त्याला कळेना. गाडी मुलीची. पण समोर उभे होते ते तिचे बाबा, सगळ्यांचे उस्ताद. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला होता आणि या गॅरेजातल्या प्रत्येकाला कधी ना कधी शिव्या घालत काहीतरी शिकवलं होतं.

बाबांनी स्वतः विकत घेऊन एक कॅन आणला होता. जाड तेलाचा. तो त्यांनी पुढे केला.

“हे घाल. तिला घाट चढायचाय. इंजिन तापलं की ते पातळ तेल जागेवर टिकत नाही. मग लोखंडावर लोखंड. खेळ खलास.”

“बाबा, कुठलं घालायचं ते झाकणावरच लिहिलंय,” मुलगी म्हणाली.

“घाटात गाडी बंद पडली तर झाकण येणार आहे का ढकलायला?”

मिस्त्री हसला. मुलगी हसली नाही. उद्या सकाळी तिला निघायचं होतं. जनावरांची डॉक्टर म्हणून पहिलीच नेमणूक, तीही थेट डोंगरावर, जिथे एका वस्तीवरून दुसरीवर जायचं तर गाडीशिवाय इलाज नव्हता. सामानाची बांधाबांध अजून बाकी होती आणि सकाळपासून बाबा प्रत्येक गोष्टीत खोट काढत होते. टायर गुळगुळीत झालेत, हॉर्न बसलाय, सीट फार मागे आहे. आता तेल.

“हा तुमचा ट्रक नाहीये, बाबा,” ती म्हणाली. जरा जोरातच.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कॅन जमिनीवर ठेवला, बाहेर गेले आणि भिंतीशी रचलेल्या जुन्या टायरांवर जाऊन बसले.

मिस्त्री हळूच म्हणाला, “ताई, एक करू का? त्यांच्या कॅनमध्ये पातळ ओततो आणि त्यांच्यासमोर तेच गाडीत घालतो. म्हाताऱ्याचं समाधान, गाडीचंही भलं.”

“नको. ते बोट लावून ओळखतील.” ती थोडी थांबली. “आणि नाही ओळखलं तरी नको.”

ती बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी टायरवर बसली. बाबा रस्त्याकडे बघत होते. रिक्षा, सायकली, शाळा सुटलेली मुलं.

“मी बरोबर असतो ना,” बाबा म्हणाले, “तर कुठलंही तेल चाललं असतं.”

त्यांच्या डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली होती. शेजारच्या सीटवर बसायला बंदी नव्हती. पण घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून ते कुठे जाणार होते?

मुलीने त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर लागलेला तेलाचा डाग उगाचच पुसल्यासारखा केला. तो आणखीच पसरला.

“बाबा, वर फार थंडी असते म्हणे. तुम्ही गेला असाल ना तिकडे?”

“कितीदा तरी. पहाटे दात वाजायचे.”

“मग ट्रक कसा चालू करायचात?”

“लगेच कुठला व्हायला? तेल गोठून पार काकवी झालेली असायची. खाली तेलाच्या चेंबरशी शेगडी ठेवायची, तेल सैल होईपर्यंत हात शेकत बसायचं. नाहीतर तेल वर चढेस्तोवर इंजिन कोरडंच...”

ते थांबले.

मुलीला वाटलं होतं, आपण त्यांना कोंडीत पकडू. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तेलाला हरकत नव्हतीच त्यांची. आपल्या हातून तिच्याबरोबर काहीतरी जावं, एवढंच होतं.

“रात्री-अपरात्री एखादी म्हैस अडली, तर बोलावणं येणार,” बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “तेव्हा तू शेगडी पेटवत बसणार का?” गुडघ्यावर हात टेकून ते उठले. “चल. ते पाणीच घालू.”

“तुम्ही ओता,” ती म्हणाली.

मिस्त्रीने नरसाळं बसवलं. बाबांनी कॅन उचलला. ओतताना तिने खालून कॅनला हात दिला. पातळ, मधाच्या रंगाचं तेल न सांडता आत गेलं. बाबांनी तेल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढून डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि मान हलवली. झाकण त्यांनीच घट्ट केलं. मिस्त्रीने बॉनेट लावलं.

“मार चावी.”

ती आत बसली. चावी फिरवली. इंजिन हलक्या आवाजात सुरू झालं. मिस्त्रीने खाली वाकून कुठे गळत नाही ना ते पाहिलं आणि अंगठा वर केला.

बाबा तसेच उभे होते, मान एका बाजूला कलती करून. उभा जन्म ट्रकच्या इंजिनाशेजारी काढलेले कान.

“मार की चावी,” ते म्हणाले.

मुलगी गाडी तशीच चालू ठेवून उतरली. त्यांच्याजवळ आली, त्यांचा हात धरला आणि तळवा अलगद बॉनेटवर टेकवला.

“आहे,” थोड्या वेळाने बाबा म्हणाले. “चालू आहे.”

पण हात त्यांनी काढला नाही. तिनेही नाही.