पिवळ्या रेघेच्या अलीकडे

शिसं वितळवायचं विजेचं भांडं गार झालं आहे की नाही, हे तो हात लावून कधीच पाहत नसे. आदल्या दिवशी उरलेलं शिसं साच्यांत ओतून ते रिकामं करायचा, वायर काढून खिळ्याला अडकवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला हात घालायचा. घाई हा शब्द त्या शेडमध्ये कधी शिरलाच नव्हता.

ती अंगणात उभी राहून पाहत होती. शेडच्या उंबऱ्यावर तिच्या नवऱ्याने पिवळ्या रंगाची रेघ ओढली होती. रेघेपलीकडे तिला मनाई होती, आणि तीन वर्षांत तिने एकदाही ती ओलांडली नव्हती.

"अहो, आज तरी राहू द्या. लेक अकरापर्यंत पोचेल."

"म्हणूनच आज," मास्कच्या आडून आवाज आला. "तिने आत डोकावलं, तर बोट ठेवायला जागा नको."

"घरातलं दूध उतू गेलं तर शेगडी एवढी कुणी पुसत नाही."

"दुधाने कुणी मरत नाही, बाईसाहेब."

तो पितळी ब्रशने भांड्याच्या कडा खरवडू लागला. वितळलेल्या शिशावर सायीसारखी धरणारी मळी आता राखाडी खपल्या होऊन सुटत होती. खपल्या झाकणाच्या डब्यात गेल्या. डब्यावर त्याच्या वळणदार अक्षरांत 'विष' लिहिलं होतं. खालची तोटी त्याने तारेने मोकळी केली. झाडू तिथे वर्ज्य होता. धूळ उडू नये म्हणून टेबल, फरशी, खिडकीची चौकट, सगळं ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं. भांड्याच्या आत मात्र पाण्याचा थेंब नाही. एकदा तिने कारण विचारलं होतं. "तापल्या शिशाखाली थेंब सापडला, तर तो वाफ होऊन सगळं शिसं तोंडावर उडवतो," तो शांतपणे म्हणाला होता, जणू एखाद्या तापट नातेवाइकाचा स्वभाव सांगत होता.

तिला हे सगळं एखाद्या पूजेसारखं वाटे. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर असलेला हा माणूस निवृत्तीनंतर वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मग कुठून तरी हे भांडं आलं. मासे पकडणाऱ्या दोस्तांसाठी तो गळाची वजनं ओतू लागला, आणि घरात पुन्हा शीळ ऐकू येऊ लागली. त्या शिळेसाठी तिने काहीही केलं असतं.

पण लेक नर्स होती. बाळ चार महिन्यांचं झालं होतं, तिची रजा संपत आली होती आणि बाळाला आजीआजोबांकडे ठेवायचं ठरत होतं. "आधी रक्त तपासायचं," तिने बजावलं होतं. "बाबांच्या रक्तात शिसं निघालं, तर बॅगा गाडीतून उतरणार नाहीत. नाहीतर मग ते भांडं तरी घराबाहेर जाईल." रक्त घ्यायला लॅबचा माणूस आला तेव्हा दोघांनीही दंड पुढे केला होता. "मी आपली जोडीला," ती हसून म्हणाली होती. आज येताना लेक कागद घेऊनच येणार होती.

भांडं किंवा बाळ. यातलं काहीही गेलं, तरी घर अर्धं ओस पडणार होतं.

काम संपलं. त्याने हातमोजे उतरवले, एप्रन गुंडाळून दाराबाहेरच्या बादलीत टाकला, झाकण लावलं आणि तो थेट न्हाणीघरात गेला. नखांना ब्रश लावून, दोनदा साबण घेऊन तो अंघोळ करी. त्याला वीस मिनिटं लागत.

ती वीस मिनिटं तिची होती. तिने झाकण काढून एप्रन उचलला आणि मागच्या कट्ट्यावर नेऊन तीनदा जोरात झटकला. खिसे उलटे करून शिवणींवर हलकेच थापट्या मारल्या. कोवळ्या उन्हात राखाडी कण क्षणभर चांदीसारखे तरंगले, तिच्या केसांवर आणि पापण्यांवर उतरले. त्याच्या कष्टाचा एवढा तरी वाटा आपल्याला मिळावा, असं तिला दर वेळी वाटे. मग एप्रन होता तसा बादलीत. तो नंतर स्वतःच्या हाताने धूत असे आणि पाणी तिला अभिमानाने दाखवी: "बघ, गढूळसुद्धा होत नाही. याला म्हणतात काम!" ती मान डोलवी.

पोटात कळ आली. हल्ली ती यायचीच. आज तर वाट पाहण्याचं निमित्तही होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि फाटकाकडे गेली.

अकराला दहा कमी असताना गाडी थांबली. लेक बाळाला छातीशी धरून उतरली. बॅगा गाडीतच राहिल्या. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. नवरा हात मागे बांधून, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा पायरीवर थांबला.

"सांग गं बाई लवकर," ती म्हणाली. "यांचा जीव टांगणीला लागलाय."

"बाबांचा रिपोर्ट आमच्या डॉक्टरांना दाखवला. हा माणूस शिशाचं काम करतो, यावर त्यांचा विश्वासच बसेना. इतकं स्वच्छ रक्त."

तो पायरीवर मटकन बसला आणि चष्मा काढून पुसू लागला. तिचा ऊर भरून आला. म्हटलं नव्हतं मी, माझा माणूस तसा नाही! भांडंही राहिलं, बाळही राहिलं. तिने दोन्ही हात पसरले.

"आण इकडे माझ्या सोन्याला."

लेक तिच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून पुढे गेली आणि तिने बाळ वडिलांच्या मांडीवर ठेवलं.

"तू नको, आई," ती पाठमोरीच म्हणाली. "शिसं तुझ्या रक्तात निघालंय."