आयडीची ओळ

नवरा अंगठी घेऊन तांदळाच्या ताटापुढे बसला होता. तांदळात माझं नवं नाव लिहायचं होतं. सासूबाईंनी ‘वसुंधरा’ ठरवून ठेवलेलं. तेवढ्यात ऑफिसातून सौमित्रचा फोन.

“सर्व्हरवर काहीच इन्स्टॉल होत नाहीये गं!”

“कोणती फाइल बदललीस?” मुंडावळ्या मागे सारत मी ओरडले.

“ती सिस्टिमचं नाव आणि व्हर्जन असलेली. आपल्या कंपनीचं नाव टाकलं, छान दिसावं म्हणून.”

“मग दिसायच्या नावाच्या ओळीत टाकायचं ना, शहाण्या! आयडीच्या ओळीला हात कशाला लावलास? सिस्टिम कोणती, ते सगळे प्रोग्रॅम तिच्यावरूनच ओळखतात. ओळखच पुसलीस तर कोण विचारणार तिला? होतं तसं कर!”

फोन ठेवून मी वळले. सासूबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. आता माझं काही खरं नाही, म्हटलं.

“लिही रे,” त्या मुलाला म्हणाल्या, “आहे तेच नाव लिही.”

त्याने ‘ओवी’ लिहिलं. टाळ्या पडल्या. सासूबाई हळूच माझ्या कानाशी आल्या. “काय गं, लग्नात बदललेलं नाव इतक्या वर्षांनी परत आणता येतं का?”

“बॅकअप असेल तर येतं, आई.”

त्या कोपऱ्यात पेढे खात बसलेल्या आपल्या थोरल्या भावाकडे वळल्या. “दादा, मला हाक मार बघू.”

“काय झालं गं चंपे?”

“आहे बॅकअप!” सासूबाई म्हणाल्या. “आण ती अंगठी इकडे.”