प्रीतमचा कॅमेरा

हळद लागत असतानाच सदाच्या लक्षात आलं, की हा कॅमेरा नवरीवरून हलायला तयार नाही. भोवती मावश्या, आत्या, करवल्या यांची झुंबड. पण डोळ्याला लावला की आतली फोकसची हिरवी चौकट थेट कल्पिताच्या चेहऱ्यावर जाऊन बसायची. त्याने मुद्दाम आत्याबाईंवर धरून पाहिला. मागून कल्पिताने मान वर केली आणि चौकट आत्याबाईंना सोडून तिच्याकडे गेली.

"नवरी कोन ते कलतंय याला," सदा पुटपुटला.

रेवदंड्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता. गळ्यात आज दोन कॅमेरे होते. एक त्याचा स्वतःचा, जुना, आत आरसा असलेला, विटेसारखा जड, बटण दाबलं की खटकन वाजणारा. दुसरा प्रीतमचा, बिनआरशाचा, हलका, अगदी गप्प. प्रीतम म्हणजे त्याचा मुलगा. गेल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. एकाची लेन्स दुसऱ्याला बसत नव्हती आणि दोन संसार सांभाळणं सदाला झेपणारं नव्हतं. चौलच्या या लग्नात जो सरस ठरेल तो ठेवायचा, दुसरा विकायचा, असं त्याने ठरवलं होतं. मनातून मात्र प्रीतमचाच जिंकावा असं त्याला वाटत होतं. पोराचं तेवढंच उरलं होतं.

काम आपणहून चालत आलं होतं. "कल्पिताने हट्टच धरला, फोटो सदाकाकाच काढणार," नवरीचे वडील महादेवराव म्हणाले होते. पोरीला दया आली असेल, असं सदाने धरलं.

हळदीचा रंग जुन्याने जास्त खरा टिपला. बॅटरीही त्याचीच टिकली. पण दुसऱ्या दिवशी मांडवातल्या गर्दीत जुन्याला चेहरा दाखवून द्यावा लागे. प्रीतमचा स्वतःच शोधून काढी. नवरदेव दोनतीनदा धूसर आला, पण लग्नात त्याच्याकडे बघतंय कोण? सदाचा निर्णय जवळजवळ झाला होता.

जेवणं चालू असताना त्याने कल्पिताला एकटीच्या फोटोंसाठी मागच्या वाडीत नेलं.

"हस गं पोरी."

कल्पिताने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काका, हा नको. तुमच्या जुन्यानेच काढा ना."

"का गं? यात तुजा चेहरा बरा येतो."

"नको. तो प्रीतमचा आहे."

सदा समजला. गेलेल्या माणसाची वस्तू शुभकार्यात कुणाला चालेल? त्याने कॅमेरा बॅगेत ठेवला. तिचं चुकलं असं त्याला म्हणवेना. जुन्याने पुष्कळ फोटो काढले. त्यांतही ती हसली नाही.

निघताना सासरची गाडी खोळंबली असताना कल्पिता मागे वळली आणि सगळ्यांदेखत सदाच्या पाया पडली. फोटोवाल्याच्या पाया कोण पडतं? मघाचं बोलणं तिलाच लागलं असणार.

"सुखाची ऱ्हा," तो म्हणाला.

लग्नात चालत नाही तो कॅमेरा काय कामाचा? सदाने मन घट्ट केलं आणि अलिबागच्या अनीशला बोलावून घेतलं. अनीशही लग्नांचे फोटो काढायचा. स्टुडिओत बसून त्याने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला.

"छान ठेवलाय, काका."

"नवरी बरोबर ओलखतो त्यो," सदा म्हणाला. विकायला काढला तरी पोराच्या वस्तूचं कौतुक त्याला आवरलं नाही.

अनीश हसला. "नवरीबिवरी काही कळत नाही याला. चेहरा आधी साठवून ठेवावा लागतो. मग ते माणूस गर्दीत कुठेही असू दे, बाकीच्यांना सोडून त्यालाच पकडतो." बोलता बोलता त्याने बटणं दाबली. "हे बघा. प्रीतमने एकच चेहरा साठवलाय. पुसून टाकू ना?"

त्याने पडदा सदाकडे वळवला.

कल्पिता होती. हसत होती.