चार पावसाळ्यांची नोंद

"चप्पल एक. डाव्या पायाची. पट्टा तुटका," असं पुटपुटत अक्काताईंनी गुडघ्यावर वही टेकवून लिहिलं.

बोरगावजवळ दूधगंगेचा पूर नुकताच ओसरला होता. काठावरच्या बाभळींना पिशव्या लोंबत होत्या. सत्तरीच्या अक्काताई त्या एकेक सोडवत, पोत्यात टाकत आणि टाकण्याआधी नोंद करत.

चार पावसाळे त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. गुडघे कुरकुरायचे, सून कुरकुरायची; त्या दोघांकडेही लक्ष देत नसत. प्रत्येक पानावर आधी 'श्री', मग तारीख, मग जिन्नस. बाटली असेल तर कुठल्या कंपनीची, कुठं अडकली होती, झाकण होतं की नाही, सगळं.

सोबत आलेली सोनल शहापूरची. बेळगावच्या कॉलेजात ती नदीवर अभ्यास करत होती. तिच्या विभागात महागडी यंत्रं होती, पण एवढी चिकाटी कुणातच नव्हती. या बाईचं तिला मनापासून कौतुक वाटायचं.

सोमवारी चिकोडीत सुनावणी होती. दोन वर्षांपासून वरच्या अंगाला एक ठेकेदार नदीकाठीच कचरा ओतत होता, आणि 'नदीला आधीपासूनच एवढा कचरा येतो' असं ठासून सांगत होता. चारही वर्षांच्या वह्या साहेबांपुढे ठेवल्या की तो खोटा पडणार होता. त्या नसल्या, तर कचरा तिथंच राहणार होता.

"आक्का, जुन्या तीन वह्या आहेत ना नीट?"

"हायेत की. जिथं असाय पायजेत तिथं हायेत."

अक्काताईंनी बाभळीतून एक भिजलेली लग्नपत्रिका सोडवली. वर गणपती होता. त्यांनी ती पदरानं पुसली, कपाळाला लावली आणि अलगद पाण्यात सोडली.

"ही नाही लिहायची?"

"त्यो कचरा व्हय गं? देव हाय त्यावर."

सोनलला हसू आलं. एवढ्या काटेकोर बाईला एवढी सूट द्यायला हरकत नव्हती.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. खालच्या गावात अशीच नोंद ठेवणाऱ्या पूर्णिमानं फोटो पाठवला होता. खताच्या पिशवीत घट्ट बांधलेलं गाठोडं, वर सुतळीच्या तीन गाठी. खाली लिहिलं होतं, 'दर दिवाळीनंतर असलं एक येतंय. तीन जमल्यात. आत काय घाण असंल म्हणून उघडली न्हाईत. सोमवारी तशीच सायबांच्या टेबलावर ठेवणार.'

"खाली कुणीतरी कचरा गाठोड्यात बांधून सोडतंय म्हणे," सोनल मोबाईल ठेवत म्हणाली.

अक्काताईंचा चेहरा लाल झाला. "कसली मानसं म्हनायची ही. नदी म्हंजे काय उकिरडा वाटला काय? असल्यांचं नाव कळाय पायजे चारचौघांत."

सोनलला ते फार आवडलं. सुनावणीत हे वाक्य जसंच्या तसं सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

दुपारी दोघी घरी आल्या. सुनेनं चहा दिला. अक्काताईंनी हातपाय धुऊन चौथी वही देवापुढे ठेवली.

"आक्का, ही परवा नेते. जुन्या मात्र आत्ताच द्या, झेरॉक्स काढायच्या आहेत."

"त्या तर भरल्या की गं."

"म्हणून तर पाहिजेत. पानं सुटली नाहीत ना?"

"सुटत्यात कशी? दर दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजते आनि जुनीला आपल्या हातानं पोचवून येते." अक्काताई जरा दुखावल्याच. "पानापानावर श्री लिवलंय. रद्दीत घालीन व्हय मी? का चुलीत?"

सोनलनं कप खाली ठेवला.

"मग कुठं पोचवता, आक्का?"

अक्काताईंनी दारातून दिसणाऱ्या नदीकडं बघून हात जोडले.

"काळजी करू नगंस. खताच्या पिशवीत घालून सुतळीच्या तीन गाठी मारल्यात. थेंब आत जायचा न्हाय."